खालच्या चार ओळी

साठच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात, कुवेतमध्ये फिलिपिन्सच्या समकालीन चित्रकारांचं एक सामूहिक प्रदर्शन भरलं. जागा एका सरकारी शाळेचा हॉल. उद्घाटन सोमवारी संध्याकाळी झालं. बातमी बुधवारच्या अंकात, चौथ्या पानावर, दुसऱ्या कॉलमात आली. ती मी लिहिली होती. प्रदर्शनात नऊ चित्रकारांची चित्रं होती. बातमीत आठांची नावं आली.

नववं नाव का आलं नाही, याचं कारण मी दोन माणसांना सांगितलं, आणि दोघांनाही खोटं सांगितलं. खरं कारण मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. दुआसाठी हात वर करतो तेव्हासुद्धा मनात शब्द जुळले की मी पुढच्या मागणीकडे वळतो. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही — बहुतेक म्हणूनच जमतंय.

मी जन्मभर बातम्या लिहिल्या. कोण, काय, कुठे, कधी — एवढं सांगितलं की माझं काम संपत असे. ‘का’ हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्यांना विचारला. म्हणून इथेही सुरुवात बाहेरूनच करतो. आत कधी जाईन, सांगता येत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. मुंबईत एका इंग्रजी दैनिकात काही वर्षं उपसंपादक होतो. कुवेत नुकतंच स्वतंत्र झालेलं, तिथे इंग्रजी वर्तमानपत्र निघालेलं, त्यांना माणसं हवी होती. माझे सख्खे मामू, इब्राहिममामू, तिथे आधीपासून होते. त्यांनी निरोप धाडला: ये, जागा हाय.

जागा म्हणजे कुवेत शहरातल्या मुरगाब मोहल्ल्यातली जमातीची खोली. आमच्या गावची रीत अशी, की परमुलखात चार माणसं झाली की गावच्या नावाची एक खोली घ्यायची. गावचा कोणीही उतरला की त्याची ट्रंक त्या खोलीत. काम मिळेपर्यंत त्याच्याकडून कोणी काही घेत नाही, आणि खिडकीखालची हवेशीर जागा नव्या माणसाला मिळते. जुना माणूस आपणहून दाराकडे सरकतो. मी गेलो तेव्हा खिडकीखाली मामूंचं अंथरूण होतं. मी पोचलो त्या दिवशी ते त्यांनी दाराशी नेलं आणि मग ते कायम दाराशीच राहिलं.

मामू पूर्वी गलबतावर टंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. कुवेतला ते शुवैख बंदरात टगबोटीवर दोर टाकायचं काम करत. मी ऑफिसात काय सांगितलं असेल? सांगितलं, मामा शिपिंगमध्ये आहेत. शब्दन्‌शब्द तपासला तर खोटं निघत नाही. आमचा संपादक इंग्रज होता. त्याला माझं इस्माईल हे नाव लांब वाटलं, त्याने त्याचं सॅम केलं. मी ते चालू दिलं. राहतोस कुठे, असं एकदा त्याच्या बायकोने विचारलं. मी म्हटलं, मामांकडे, सालमियाच्या बाजूला. सालमियाला समुद्रावर नवी घरं होत होती. मुरगाबच्या आमच्या खोलीत आठ माणसं होती, आणि अंघोळीची मोरी सगळ्या चौकाला मिळून एक.

हे सांगितलं नसतं तर नोकरी गेली असती का? नसती गेली. तो भला माणूस होता, त्याला फक्त कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, वेळेवर हवी असे. म्हणजे गरज काहीच नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुमच्या मनात माझ्या बाजूने एखादं कारण येईल. ते येऊ देऊ नका.

त्याच इमारतीच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली होती. तिथे नेस्तोर राहायचा. फिलिपिन्सचा. बांधकाम खात्यात नकाशे काढायचा — दिवसभर गटारं आणि रस्ते. संध्याकाळी चित्रं. गच्चीवर मामू बोंबील वाळत घालत, त्या वासावर तो खाली आला आणि ओळख झाली. त्याच्याकडे घरून आलेली खारवलेली मासळी होती. ती त्याने मामूंना दिली. मामूंनी हुंगून पाहिली आणि खोलीत जाहीर केलं, “ह्याची बोट चुकली रं. नायतर ह्यो जयगडला उतरायचा.”

त्या दिवसापासून शुक्रवारचं जेवण तो आमच्यात जेवू लागला. शुक्रवारी नमाजहून आल्यावर आम्ही सगळे एका थाळ्यात जेवत असू. मोठा कल्हईचा थाळा, मध्ये भाताचा ढीग, वर सालन, आणि भोवती आठ माणसं मांडी घालून. नेस्तोर नववा. तो ख्रिश्चन, गळ्यात क्रूस. मामूंनी त्याला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं, की बाबा, आपल्या समोरचं खायचं, दुसऱ्याच्या समोर हात घालायचा नाही. तो हिंदी बंदरातली बोलायचा, मामू त्याहून मोडकी. तरी दोघं तासन्‌तास बोलत. काय बोलत होते, मी कधी लक्ष दिलं नाही. मी पेपर वाचत असे.

जेवण झालं की तो कोपऱ्यात वही घेऊन बसायचा आणि आमची चित्रं काढायचा. कोणी त्याला मज्जाव केला नाही. उलट, “माजा नाक बारीक कर,” असं एकजण दर शुक्रवारी सांगायचा, आणि नेस्तोर दर शुक्रवारी ते आणखी मोठं काढायचा.

मग प्रदर्शनाची बातमी आली. मनिलाहून आठ चित्रकारांची चित्रं पेट्यांत भरून बोटीने येणार. कुवेतनंतर बैरूत, तिथून आणखी दोन शहरं, मग परत मनिला. बरोबर एक प्रौढ बाई होत्या, त्यांच्या देखरेखीखाली सगळं. नेस्तोर आपलं एक मोठं चित्र खांद्यावर घेऊन त्यांना भेटायला गेला. बाईंनी ते पाहिलं आणि नववा म्हणून त्याला कुवेतपुरतं आत घेतलं. पुढे न्यायचं की नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. मनिलाच्या समितीला दाखवायला त्यांना काहीतरी छापील हवं होतं. त्या म्हणाल्या, इथल्या वर्तमानपत्रात तुझ्या चित्राबद्दल दोन ओळी आल्या, तर मी कात्रण जोडून तार करीन आणि चित्र पेटीत घालीन.

नेस्तोरला मनिलाच्या कलाशाळेने दोनदा परत पाठवलं होतं. तो नकाशे काढायला शिकला तो त्यानंतर. त्या आठांपैकी दोघे त्या शाळेत शिकवत होते. त्यांच्या शेजारी आपलं नाव लागून आपलं चित्र मनिलाच्या धक्क्यावर उतरावं — एवढंच त्याला हवं होतं. हे त्याने मला गच्चीवर सांगितलं. आणि मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, दोन ओळी? अरे, बातमी मीच लिहिणार आहे. चार लिहीन.

मामूंनी तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली. “आपल्या खोलीत पेपरवाला हाय,” ते त्याला म्हणाले, “तू कशाला भितंस?”

नेस्तोरने नेलं होतं ते चित्र मी आधी पाहिलं नव्हतं. वहीतली रेखाटनं पाहिली होती. मोठं चित्र तो वर, पत्र्याच्या खोलीत करायचा. मामू दोन-तीनदा वर जाऊन बसले होते. मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

सोमवारी संध्याकाळी मी सूट घालून गेलो. संपादक आणि त्याची बायको आले होते. एका सरकारी अधिकाऱ्याने फीत कापली, छोट्या कपांतून काळी कॉफी फिरली. मी वहीत टिपणं घेत पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली. मनिलाची चित्रं मोठी होती, आत्मविश्वासाची होती. एकात रात्रीचा समुद्र आणि मासेमारीचे कंदील — जवळून बघितलं तर नुसते पिवळे फटकारे, लांबून पाहिलं की होड्या हलायला लागत. एकात रेड्यावर बसलेली बाई, चौकोनाचौकोनांत मोडून पुन्हा जोडलेली. एकात फक्त काळं आणि पांढरं, आणि त्याखाली ‘पाऊस’ असं नाव. मला चित्रातलं फार कळत नाही, पण बातमीपुरतं कळतं. मी चांगलं लिहीत होतो.

नेस्तोरचं चित्र शेवटच्या भिंतीवर होतं, दाराजवळ. त्याच्यासमोर गर्दी होती.

त्याने आमची खोली काढली होती. शुक्रवारचा थाळा, आणि भोवती आम्ही. मागे दोरीवर लुंग्या, ट्रंकांची उतरंड, दाराशी गुंडाळलेलं मामूंचं अंथरूण. मामू थेट बघणाऱ्याकडे बघत होते, हातात घास. सगळ्यांचे हात थाळ्याकडे आलेले, आणि त्या हातांवर उजेड, बाकी सगळं तपकिरी. डाव्या बाजूला मी होतो. बनियन, लुंगी, दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी. एका हातात उघडा पेपर, तोंड पेपरात. दुसरा हात थाळ्यात, आणि तो माझ्या समोरच्या भागात नव्हता. मामूंच्या समोरच्या भातात होता.

त्याने हे कुचेष्टेने काढलं होतं का? नाही. असंच असायचं. मी वाचत वाचत जेवायचो, आणि मामू चांगले तुकडे आपल्या समोरून माझ्याकडे सरकवायचे, आणि माझा हात आपोआप तिकडे जायचा. नेस्तोर आठवड्यामागून आठवडे हे बघत होता. मी मात्र ते त्या हॉलमध्ये पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात संपादक शेजारी आला. त्याने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. तो म्हणाला, “सॅम, हा चष्मेवाला अगदी तुझ्यासारखा दिसतो की!”

मी म्हणालो, “तुम्हाला सगळे इंडियन सारखेच दिसतात.”

तो खूप हसला. त्याची बायको हसली. वाक्य चांगलं जमलं होतं — मलाही बरं वाटलं. होय, त्या क्षणी मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

आणि नेमके तेव्हा मामू आले. नेस्तोरने सगळ्या खोलीला बोलावलं होतं. ज्यांना सुटी मिळाली ते पाचजण आले होते. इस्त्रीचे सदरे, काळ्या टोप्या, अत्तराचा वास. ते मला लांबूनच दिसले होते. मी वहीत बघायला लागलो होतो.

मामू चित्राजवळ गेले. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी बोट पुढे केलं — चित्रातल्या स्वतःच्या तोंडाकडे, रंगाला अगदी लागेल न लागेल असं — आणि मागे वळून मला आमच्या बोलीत म्हणाले, “इस्माल्या, साहेबाना सांग ना. ह्यो मी!”

संपादक माझ्याकडे बघत होता. त्याची बायको बघत होती. मी हिंदीत म्हणालो, “चाचा, तस्वीर को हाथ मत लगाओ.”

तुम्ही मराठी आहात, मी काय केलं ते तुम्हाला फोड करून सांगायला नको. ज्या माणसाला मी बोलायला शिकल्यापासून मामू म्हणत आलो, त्याला मी चाचा म्हटलं. रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणतात तसं. आणि हिंदीत. एरवी त्यांच्याशी मी हिंदीत एक शब्द बोललो नव्हतो.

मामूंनी बोट मागे घेतलं. त्यांनी माझ्या सुटाकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. मग तेही हिंदीत म्हणाले, “जी, साब.”

ते बाकीच्या चौघांना घेऊन पुढच्या भिंतीकडे गेले. मी संपादकाला म्हटलं, बंदरावरची माणसं दिसतात. तो म्हणाला, आली हे छानच की. आणि आम्ही कॉफीकडे वळलो.

नेस्तोर हे सगळं चार पावलांवरून बघत होता की नव्हता? मला माहीत नाही. तो कोणाशी तरी बोलत होता. मला माहीत नाही.

आता बातमी. बातमी लिहायची एक पद्धत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं वर, त्याहून कमी त्याखाली, आणि सगळ्यात बिनमहत्त्वाचं तळाला. कारण पान लावताना जागा कमी पडली, तर छापखान्यातला माणूस बातमी वाचत बसत नाही. तो खालून ओळी उचलतो. शिशाच्या ओळी बोटांनी उचलायच्या आणि बाजूला टाकायच्या. त्यात कोणाचा राग नसतो, लोभ नसतो.

मंगळवारी सकाळी मी बातमी लिहिली. वर अधिकारी, मग बाई, मग आठ नावं, मग कंदिलांचा समुद्र. आणि तळाला वेगळा परिच्छेद, चार ओळींचा: कुवेतमध्येच राहणारे चित्रकार नेस्तोर यांचं ‘शुक्रवारचं जेवण’ हे चित्र प्रदर्शनात आहे. भारतीय बंदर-कामगारांच्या खोलीचं ते दृश्य आहे. प्रेक्षक सर्वांत जास्त वेळ याच चित्रासमोर थांबलेले दिसले.

यातलं सगळं खरं होतं. जागा मात्र मी ठरवली होती. ज्या चित्रासमोर सर्वांत जास्त गर्दी होती, ते तळाला कसं जातं? मुंबईत माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी कॉपी परत फेकली असती. मला ते कापलं जायला हवं होतं. मला फक्त ते माझ्या हाताने व्हायला नको होतं. कात्रण बैरूतला जाणार, मनिलाला जाणार, पण आधी ते आमच्या ऑफिसात सगळे वाचणार. संपादक म्हणणार, सॅम, ते चित्र कुठल्या खोलीचं रे? चल, फोटो काढून आणू. छापखान्यावर टाकलं की आपण मोकळे — असा माझा हिशेब होता.

दुपारी प्रूफ आलं. बातमी पूर्ण बसली होती. चारही ओळी जागच्या जागी. त्या दिवशी कॉलमात नेमकी जागा होती.

आमचा कंपोझिटर गोव्याचा होता, उतारवयाचा, फर्नांडिस नावाचा. तो प्रूफ माझ्यासमोर ठेवून उभा राहिला. मी पेन उचललं. आता हे लिहितानाही वाक्य लांबवतो आहे, हे माझ्या लक्षात येतंय — मी पेन उचललं आणि त्या चार ओळींवर आडवी रेघ मारली. समासात काढून टाकायची खूण केली.

फर्नांडिसने प्रूफ बघितलं. “चार ओळींचं भोक पडेल,” तो म्हणाला. “काय घालू?”

छापखान्यात अशा भोकांसाठी फिलर तयार असतात. कुठल्याही दिवशी, कुठेही चालतील असे दोन-चार ओळींचे बिनकामाच्या माहितीचे तुकडे. त्याच्या ट्रेमध्ये ते जुळवून ठेवलेले होते. मी म्हटलं, काहीही घाल, चार ओळींचं. त्याने एक उचललं आणि मला उलट्या अक्षरांतून वाचून दाखवलं. शहामृगाचं एक अंडं वजनाला कोंबडीच्या सुमारे दोन डझन अंड्यांइतकं भरतं.

“चालेल?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, चालेल.

बुधवारी अंक आला. बाईंनी शाळेच्या हॉलमध्ये तो उघडला, तेव्हा नेस्तोर शेजारी उभा होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. त्याने बातमी वरून खाली वाचली, मग परत वाचली. संध्याकाळी तो आमच्या खोलीत आला. मामू तिथेच होते. सोमवारपासून मामू माझ्याशी बोलत होते, पूर्वीसारखंच, म्हणजे पाणी ठेवलंय, जेवून घे, एवढं. त्या प्रसंगाबद्दल ना त्यांनी विचारलं, ना मी बोललो.

मी दोघांना एकदमच सांगितलं. म्हटलं, चार ओळी लिहिल्या होत्या रे, शपथ. पण पेपरात जागा नव्हती. छापखान्यात खालून कापतात. ती रीतच आहे, आमच्या हातात नसतं. तुझ्या चारच ओळी होत्या, तेवढ्याही मावल्या नाहीत.

नेस्तोर वाद घालणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, “तू लिहिलंस. थँक यू, इस्माईल.” इंग्रजी बोलणाऱ्यांत मला इस्माईल म्हणणारा तो एकटाच होता.

मामूंनी मला फक्त विचारलं, “चारच?”

मी म्हटलं, चारच.

चौथ्या दिवशी चित्रं उतरवून पेट्यांत भरली. मी तिथे होतो — पाठपुराव्याची छोटी बातमी करायला. शेवटच्या पेटीचं झाकण ठोकलं, तेव्हा नेस्तोरचं चित्र भिंतीला टेकून उभं होतं. बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि काहीतरी सांगितलं त्यांच्या भाषेत. तो मान हलवत होता.

ते चित्र त्याने वर पत्र्याच्या खोलीत नेलं नाही. खाली आणून मामूंना दिलं. दोघांनी मिळून ते ट्रंकांच्या वर, भिंतीला लावलं. मामूंनी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बुधवारचा अंक आणला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्याकडून त्यांनी बातमी कुठली ते बोटाने दाखवून घेतलं आणि न्हाव्याच्या कात्रीने कापून घेतली — वरच्या मथळ्यापासून कॉलमाच्या खालच्या रेघेपर्यंत, एकही अक्षर न सांडता.

नेस्तोर पुढच्या वर्षी गेला. घरी गेला की दुसऱ्या कुठल्या देशात, मला माहीत नाही. त्याने जाताना पत्ता दिला होता. मी त्याला पत्र लिहिलं नाही. त्याने पुढे चित्रं काढली की नाही, हे मी कधीही शोधून काढू शकलो असतो — तो माझा धंदाच होता. मी शोधलं नाही.

मीही थोड्याच दिवसांत जमातीची खोली सोडली. सालमियाला दोन खोल्या घेतल्या. ऑफिसात सांगितलेलं अखेर खरं झालं.

दशक संपता संपता मामू कुवेत सोडून गावी गेले. चित्र त्यांनी सळईवर गुंडाळून, वर चटई बांधून, आधी मुंबईच्या बोटीने आणि मग किनाऱ्याच्या बोटीने नेलं. पुढच्या वर्षी मी रजेवर गावी गेलो. परदेशातून आलेला माणूस सगळ्या घरांना भेटतो, तसा मामूंकडेही गेलो. पडवीत माणसं जमली होती. चित्र आतल्या भिंतीवर, दारातून दिसेल असं टांगलेलं होतं. त्याच्याखाली काचेच्या चौकटीत ते कात्रण.

गावात त्या चित्राचं कौतुक होतं. कोण कुठला, हे पोरासोरांनाही पाठ होतं. हा अमक्याचा बाप, हा तमक्याचा चुलता. मोठ्या नाकाचा खुद्द पडवीतच बसला होता आणि अजून तक्रार करत होता. माझ्याकडे बोट करून कोणी काही म्हटलं नाही. मी समोरच होतो.

कोणीतरी म्हणालं, आता लिहिणाराच आलाय, तर त्याच्याच तोंडून ऐकू या. मामूंनी चौकट भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली.

मी वाचली. एकेक वाक्य इंग्रजीत, मग आमच्या बोलीत. अधिकारी, बाई, आठ नावं, कंदिलांचा समुद्र. वाचून थांबलो.

“आणि आपला?” कोणीतरी विचारलं. “थाळ्याचा?”

मी तोंड उघडायच्या आधी मामू बोलले. सगळ्यांना समजावून सांगावं तसं, सावकाश. “त्याचा लिवला होता. इस्मालने लिवला होता. पण पेपराची रीत हाय. जागा नसली का खालून कापतात. त्यात कोणाचा दोस नाय.”

माणसांनी माना हलवल्या. मामी दाराच्या चौकटीत उभी होती. ती वाकून काचेत बघत होती. तिने विचारलं, “मंग हे खाली काय लिवलंय?”

मी म्हटलं, ते वेगळं आहे.

“वेगळा म्हंजे काय?”

मी म्हटलं, शहामृगाच्या अंड्याबद्दल आहे. ते कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढं असतं, म्हणून.

पडवी हसली. अंडा! पेपरात अंडा! नाकवाला तर गुडघ्यावर थापा मारायला लागला. पुष्कळ वेळ हसू चाललं होतं.

मामू हसले नाहीत. त्यांनी चौकट माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. मग मला विचारलं, “किती ओळी हायत त्या अंड्याच्या?”

मी म्हटलं, “चार.”

मामूंनी चौकट पुन्हा खिळ्याला लावली. तिरकी झाली होती ती सरळ केली. मग मामीकडे वळून म्हणाले, “पाव्हण्यासाठी चाय टाक.”

चहा आला. मी तो प्यालो.